ईएफ साठ टक्के, मग सासूबाईंचे पाय का सुजलेत?

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आलंय. मोठं होतं, मी जरा छाटून देतेय, नावगाव अर्थातच काढलंय.

"डॉक्टर मॅडम नमस्कार. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर चुलीवर स्वैपाक केला, विडी-तंबाखू कधीच नाही. दहाबारा वर्षांपासून खोकला आणि धाप आहे, डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासाच्या नळ्या अरुंद होण्याचा, फुफ्फुसाचा जुनाट आजार) सांगितलंय, पंप दिलाय पण त्या त्रास झाला की तेवढ्यापुरताच ओढतात. दिवाळीपासून पाय सुजायला लागले, वाटलं वावरात उभं राहून होत असेल. मग पोट फुगल्यासारखं, दोन घासांत जेवण बंद. तीन महिने गॅसच्या गोळ्याच चालू होत्या. नंतर सूज उतरायची गोळी दिली, चार दिवस उतरते, परत येते. किडनीचे रिपोर्ट चांगले आले. मग एको (हार्टची सोनोग्राफी) केला, त्यात ईएफ ६० टक्के, माझे दीर म्हणाले हार्ट एकदम फिट आहे. पण डॉक्टर म्हणतात फुफ्फुसामुळे हार्टवर ताण आलाय, उजवी बाजू मोठी झालीय, प्रेशर ५८ आहे. फुफ्फुसाचा आजार पायात कसा उतरतो? अँजिओग्राफी करावी का? घरात कोविडपासूनचा ऑक्सिमीटर आहे, तो ८६-८७ दाखवतो पण त्याचे सेल जुने असतील. आणि मे महिन्यात घरचे सगळे केदारनाथला निघालेत, सासूबाईंचंही बुकिंग झालंय, त्यांना न्यावं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. केदारनाथला नेऊ नका. का ते पुढे सांगते.

आता ईएफचं. तुमच्या दिरांची काही चूक नाही, एकोचा रिपोर्ट हातात आला की सगळे तोच एक आकडा शोधतात, मी तर असे नातेवाईक बघितलेत की बाकीची दोन पानं उलटतसुद्धा नाहीत. पण ईएफ हा हार्टच्या फक्त डाव्या कप्प्याचा आकडा आहे, तो भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्याला पुढे ढकलतो त्याचा. डावा कप्पा रक्त सगळ्या अंगाला पाठवतो, तो सासूबाईंचा चांगला आहे, आनंद आहे. उजवा कप्पा अंगातून परत आलेलं रक्त फुफ्फुसात पाठवतो आणि त्याच्या तब्येतीबद्दल ईएफ चकार शब्द बोलत नाही. म्हणजे ईएफ ६० आणि पायाला सूज, दोन्ही एकाच बाईत आरामात राहू शकतात.

शेतातलं उदाहरण देते. डावा कप्पा म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर समजा, उजवा म्हणजे घरच्या टाकीत पाणी चढवायचा टुल्लू पंप. उजव्याची भिंत जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, डाव्याची त्याच्या दुप्पट किंवा जास्तच. कारण त्याला काम हलकं असतं. अंगातलं बीपी १२० च्या आसपास तर फुफ्फुसातल्या नळ्यांमधलं वरचं प्रेशर पंचवीसच्या आगेमागे, फुफ्फुस अगदी मऊ, रक्त सहज आत जातं. आता या टुल्लूला कोणी बोअरवेलचं पाणी उपसायला लावलं तर काय होईल? आधी तो जोर लावेल, मग गरम होईल, मग गळायला लागेल. सासूबाईंच्या रिपोर्टातलं ५८ म्हणजे हेच, ते एरवी साधारण ३०-३५ च्या आत असतं. (एकोतला हा आकडा अंदाजाचा असतो हां, आणि फुफ्फुस फुगलेलं असलं की अंदाज आणखी चुकतो, त्यामुळे पुढच्या वेळी ५२ आला म्हणून पेढे वाटू नका आणि ६२ आला म्हणून रडू नका.)

प्रेशर का वाढतं त्याची दोन कारणं. एक म्हणजे धुराने फुफ्फुसाच्या बारीक पिशव्या फाटतात, त्यांच्याभोवतीचं केसासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळंही त्यांच्याबरोबर जातं, म्हणजे वाटाच कमी झाल्या. दुसरं कारण मला फार आवडतं म्हणजे समजून घ्यायला आवडतं. फुफ्फुस दारं धरतं. आपण ओलिताला दारं धरतो ना, इकडचं दार बंद केलं की पाणी तिकडच्या सरीत जातं, तसंच. फुफ्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा नीट पोचत नाही तिथली रक्ताची नळी आपोआप आवळते म्हणजे रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळतं. १९४६ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं. एका कोपऱ्यात न्यूमोनिया झाला तर ही व्यवस्था फार कामाची. पण सीओपीडीत सगळ्याच सऱ्यांना ऑक्सिजन कमी, मग सगळीकडची दारं बंद, आणि मागे आपला टुल्लू बिचारा रेटा देतोय. या सगळ्याला आम्ही डॉक्टर लोक कॉर पल्मोनाले म्हणतो, रिपोर्टवर असं काही दिसलं तर घाबरू नका, फुफ्फुसामुळे उजव्या हार्टवर आलेला लोड एवढाच त्याचा अर्थ.

उजवा कप्पा रक्त पुढे ढकलेना की ते मागे तुंबतं. मागे म्हणजे कुठे, तर मानेच्या शिरा, लिव्हर, आतडी, पाय, याच क्रमाने असं नाही पण ठिकाणं हीच. वर दाब कमी म्हणून किडनीला वाटतं अंगात रक्तच कमी पडलंय आणि ती मीठ-पाणी धरून ठेवते. शिवाय सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साठला तर किडनी आणखी मीठ धरते, त्यामुळे हार्ट अजून पूर्ण थकलेलं नसतानाही पाय सुजू शकतात. म्हणून किडनीचे रिपोर्ट चांगले आणि तरी अंगात पाणी, यात आश्चर्य काही नाही.

आता मानेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हे तुम्हाला घरी बघता येईल आणि खरं सांगू का, घाईत असलेल्या डॉक्टरांकडूनही हेच बघायचं राहून जातं, पदराखाली आणि मंगळसूत्राखाली मान कोण बघतंय. सासूबाईंना पलंगावर पाठीला उशा लावून अर्धवट टेकवा, साधारण आरामखुर्चीत बसतो तेवढं. डोकं उशीवर सैल, तोंड किंचित डावीकडे. पदर बाजूला, माळ काढा. मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूने आडवा मारा म्हणजे सावली पडते. मानेच्या उजव्या बाजूला कातडीखाली काहीतरी लपलपताना दिसेल, एका ठोक्याला दोनदा हलकं फडफडल्यासारखं. बोट लावलं तर ते लागत नाही, हलकंसं दाबलं की गायब होतं, तर ती शीर. बोटाला टणक टकटक लागली तर ती धमनी, ती नाही बघायची. आता ती फडफड वर कुठपर्यंत जाते ते बघा. गळ्याच्या खळगीच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो, तिथून सरळ उभ्या रेषेत तीन-चार सेंटिमीटरपेक्षा वर फडफड जात असली तर उजवीकडे प्रेशर वाढलंय. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांची फडफड कानापर्यंत जायची, कानाची पाळी प्रत्येक ठोक्याला हलायची आणि त्यातला सोन्याचा बुगडीसारखा दागिना लुकलुकायचा. नातीला वाटायचं आजी मान हलवतेय. ती झडप गळण्याची खूण होती, उजवा कप्पा इतका ताणला गेला की त्याची झडप नीट मिटेना आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं मानेत उडायचं.

यात एक फसगत आहे. सीओपीडीच्या माणसाला श्वास सोडायलाच जोर लागतो, त्यामुळे श्वास सोडताना कोणाच्याही मानेच्या शिरा टम्म फुगतात आणि आत घेताना बसतात. ते हार्टमुळे नाही. श्वास आत घेतानाही शीर भरलेलीच राहिली, किंवा उजव्या बरगडीखाली पोटावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबल्यावर फडफड वर चढून तिथेच थांबली, तर मग खरं. पण ताई हे बघून निदान करायला बसू नका, डॉक्टरांना दाखवायला काहीतरी हातात असावं म्हणून सांगितलं, व्हिडिओ काढून नेला तरी चालतो.

पोटाचं. उजव्या बरगडीखाली लिव्हर असतं, त्यात रक्त तुंबलं की ते फुगतं आणि त्याचं आवरण ताणलं जातं, दुखतं, जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरलं. तुम्ही लिहिलंय तीन महिने गॅसच्या गोळ्या चालू होत्या, वाचून वाईट वाटलं पण नवल नाही वाटलं. पायावर सूज आणि भूक गेलेली अशी धाप लागणारी बाई समोर आली की पोटावर हात ठेवून लिव्हर बघायलाच पाहिजे, बोटांखाली लागतं ते. पुढे पोटातही पाणी साठतं, साडीची गाठ सैल बांधावी लागते.

आणि पाय. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-सहा सेकंद दाबा, खड्डा पडून राहिला तर ते पाणी. जोडवी रुतायला लागली का, चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळी राहतो का, सकाळी कमी असतो का, रात्री लघवीला जास्त उठतात का (दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं म्हणून), हे सगळं लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे आणि सूज कमरेच्या मागच्या हाडावर असते, तिथे कोणी बघत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे वजन, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनतीन दिवसात दोन किलो वाढलं तर ते तूप-भाताचं नाही.

पण पाय सुजले म्हणजे हार्टच असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात बीपीच्या गोळीचा उल्लेख नाही, चालू असेल तर पट्टी वाचा, त्यावर अमलोडिपिन असेल तर निव्वळ त्या गोळीनेही घोटे सुजतात, अर्ध्या महाराष्ट्राचे सुजलेत. स्वतः बंद करू नका, विचारा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणत असतील तर त्यांनीही पाणी धरतं. सारखे स्टिरॉइडचे कोर्स झाले असतील तर त्यांनीही. तुमच्या भागात हत्तीरोग आहे, तो बहुधा एका पायात जास्त, आणि जुना झाला की दाबल्यावर खड्डा पडत नाही. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय आणि धाप वाढली तर ते वेगळंच, शिरेत गुठळी झाली असेल, त्या दिवशी घरी थांबायचं नाही.

डॉक्टरांनी छातीच्या मध्ये, हाडाच्या डाव्या कडेला तळहाताची टाच दाबून ठेवली असेल तर ते देवाचं नाव घेत नव्हते. उजवा कप्पा जाड झाला की तो हाताला वर उचलतो. पण ज्यांची छाती पिंपासारखी फुगलेली असते त्यांच्यात हार्ट आणि कातडीच्या मधे हवा भरलेलं फुफ्फुस येतं, मग ना उचलणं हाताला लागत ना ठोक्याचा दुसरा आवाज जोरात ऐकू येत, अशा वेळी छातीचं हाड जिथे संपतं त्या पोटाच्या खळगीत बोटं घालून बघावं लागतं, तिथे धडधड लागते. म्हणजे खुणा नाहीत म्हणून ताण नाही असं नसतं. म्हणूनच एको, ईसीजी, एक्स-रे हे लागतंच.

ओठ आणि जीभ बघा, नखं नुसती नका बघू, थंडीत कोणाचीही नखं निळी होतात. जीभ जांभळट असेल तर ऑक्सिजन खरंच कमी आहे. डोळे लालसर, चेहरा तांबूस-काळपट झाला असेल तर ऑक्सिजन कमी म्हणून अंगाने लाल पेशी वाढवल्यात, हिमोग्लोबिन १७-१८ येतं, घरचे खूश होतात की आईचं रक्त चांगलं आहे! रक्त घट्ट झालंय हो, टुल्लूला आता पाण्याच्या जागी काकवी ओढायचीय. आणि एक, नखं पोपटाच्या चोचीसारखी फुगून गोल वळली असतील तर नुसत्या सीओपीडीने तसं होत नाही, फुफ्फुसात दुसरं काही आहे का, गाठ, जुना पू, फायब्रोसिस (फुफ्फुस कडक होणं), ते शोधायला लागतं.

अँजिओग्राफी. ती हार्टला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमधले ब्लॉक बघायला. सासूबाईंना छातीत दुखतं असं तुम्ही लिहिलेलं नाही, डावी बाजू चांगली आहे, तर आत्ता तरी या सुजेसाठी त्याची गरज मला दिसत नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात स्पायरोमेट्री (मशीनमध्ये फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची) आणि मनगटाच्या धमनीतलं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड मोजायची ब्लड गॅस करा, जास्त कळेल. रात्री फार घोरत असतील, मधेच श्वास थांबत असेल तर तेही सांगा, झोपेतही ऑक्सिजन पडतो.

आता ऑक्सिमीटर. ताई, सेल जुने असतील तर बहुतेक मशीन बंदच पडेल, ८७ वर दोष ढकलू नका! तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. नखावर पॉलिश नको, हात गरम करून घ्या, दहा मिनिटं शांत बसवा, बोट घालून मिनिटभर थांबा, मग आकडा लिहा. तुमच्या बोटावर लावून बघा, ९७-९८ आला तर मशीन साधारण ठीक आहे. बसून ८८ किंवा कमी राहत असेल आणि ब्लड गॅसमध्ये ऑक्सिजन ५५ किंवा खाली असेल (हा दाबाचा आकडा, ऑक्सिमीटरची टक्केवारी नव्हे) तर घरी ऑक्सिजन लावायचा, आणि पायाला सूज, उजव्या हार्टवर ताण असेल तर ५९ पर्यंतसुद्धा लावतात. एकदा तब्येत स्थिर असताना मोजायचं, दम लागलेल्या दिवशीच्या आकड्यावर कायमचं मशीन घ्यायचं नाही.

लोक ऑक्सिजनचं नाव काढलं की घाबरतात, शेवट आला असं वाटतं, कोविडमध्ये सिलिंडरसाठी जे पळालो ते डोक्यातून गेलेलं नाही. पण १९८१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अगदी सासूबाईंसारख्याच पेशंटवर, म्हणजे फुफ्फुस खराब, ऑक्सिजन कमी, पाय सुजून गेलेले अशा ८७ जणांवर केलेला अभ्यास छापला. अर्ध्यांना घरी रोज निदान पंधरा तास ऑक्सिजन, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांत न घेणाऱ्या ४५ पैकी ३० गेले, घेणाऱ्या ४२ पैकी १९. दारं धरायचं आठवतंय ना, ऑक्सिजन मिळाला की आवळलेल्या नळ्या थोड्या सैल होतात, रेटा कमी लागतो. पण पंधरा तास म्हणजे पंधरा तास, झोपेचे आठ धरून. दम लागला की दहा मिनिटं नाकाला लावायचा आणि काढून ठेवायचा, याने काही होत नाही.

आणि जास्तही नको. मुलगा प्रेमाने ऑक्सिजनचं चाक पाच लिटरवर फिरवतो आणि आकडा ९९ बघून समाधान मानतो, सीओपीडीत हे धोक्याचं आहे, कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो आणि घरचे म्हणतात बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली. ८८ ते ९२ पुरे, बहुतेकांना एक-दोन लिटरमध्ये भागतं, किती ते ब्लड गॅस बघून डॉक्टर ठरवतील. सकाळी उठल्यावर डोकं ठणकतंय, दिवसा पेंगतात, हात समोर ताठ धरून पंजे वर केले की पंजे फडफड पडतात, अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना. मशीन चुलीजवळ नको, देवघरातल्या समईजवळ नको, कोणी विडी ओढत असेल त्या खोलीत तर नकोच. लाइट जाते म्हणून एक छोटा सिलिंडर भरून ठेवा.

सूज उतरायची गोळी. वाईट नाही ती, पाणी काढते, हलकं वाटतं. पण चार दिवस उतरते परत येते हे तुम्हीच लिहिलंय, कारण गोळी तुंबलेलं पाणी काढते, पुढचा बंद पाइप तसाच. आणि मनाने दोनाच्या चार केल्या तर बीपी पडतं, पोटॅशियम जातं, पायात वांब येतात, रक्त अजून घट्ट होतं. दर काही आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून घ्या. फुफ्फुसाचं प्रेशर कमी करायच्या महागड्या गोळ्या निघाल्यात त्या कोणाला बघून सुरू करू नका, साध्या सीओपीडीत त्यांनी कधी कधी ऑक्सिजन आणखी पडतो, कारण त्या बंद ठेवलेली दारंच उघडतात. मीठ कमी म्हणजे वरणातलं चिमूटभर नाही, तर ठेचा, लोणचं, पापड, खारे दाणे, हे. काढे वगैरे सांगणारे खूप भेटतील, पुनर्नवाने लघवी होते म्हणतात, असेल, पण आधीच गोळीवर असलेल्या बाईला दोन्हीकडून पाणी काढू नका.

पंप रोज. त्रास असो नसो. बऱ्याच बायका तो तोंडात सेंटसारखा मारतात आणि औषध सगळं जिभेवर, स्पेसरची प्लॅस्टिकची नळी घ्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला लावा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची घ्या, कारण एका साध्या सर्दी-खोकल्याने हा सगळा तोल जातो.

आता चूल. तुम्ही लिहिलंत "विडी-तंबाखू कधीच नाही", त्यात कुठेतरी हे यांना झालंच कसं असा सूर होता. दिल्लीत डॉ. पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या बाई हार्ट स्पेशालिस्ट, यांनी १९५९ साली याच आजाराच्या १२७ पेशंटचा अभ्यास छापला. त्यांच्या कामात दिसलं की हा आजार बायकांना पुरुषांइतकाच होतो, पुरुषांत तीन चतुर्थांश बिडी-सिगरेटवाले आणि बायकांत जेमतेम दहा टक्के असूनही, शिवाय बायकांना दहा-पंधरा वर्षं आधी होतो. शेणाच्या गोवऱ्या, लाकूड, बंद स्वैपाकघर. बाई १०३ वर्षं जगल्या, २०२० मध्ये गेल्या, आणि इतक्या वर्षांपूर्वी सांगितलेलं आपण अजून तुराट्या आणि पऱ्हाट्या पेटवत ऐकतोय. उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ पासून गावोगाव आला हे खरं, पण मी घरी गेले की बघते, सिलिंडरवर चहा आणि पाहुण्यांचे पोहे, भाकर चुलीवरच, आंघोळीचं पाणीही. कारण सिलिंडर महाग आणि पऱ्हाटी फुकट, मी कोणत्या तोंडाने भांडू. तरी निदान एवढं करा, सासूबाईंना फुंकणीपासून उठवा, त्या म्हणतील मला सवय आहे, नाही ऐकायचं, पाणी तापवायची चूल घरातून अंगणात न्या आणि धूर खिडकीतून परत आत येत नाही ना ते बघा.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशच. घरी ८७ असलेली बाई तिथे कितीवर जाईल विचार करा, आणि सगळी दारं आणखी घट्ट. अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच डोंगरात चरायला नेलेल्या गाईंना हाच आजार होतो, धूर नाही विडी नाही, फक्त उंचीने, उजवं हार्ट थकतं आणि गळ्याखालची पोळी ते छातीपर्यंत पाणी भरून लोंबायला लागतं, शंभरेक वर्षांपूर्वीच तिथल्या गुरांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. तिथले लोक अशा गाईला औषधं देत बसत नाहीत, आधी खाली उतरवतात. घोड्यावरून नेऊ, हेलिकॉप्टरने नेऊ असं घरात कोणीतरी म्हणेलच, चालणं वाचेल हो, हवा कोण बदलणार. माहूरला न्या, देवी जवळ आहे, पायऱ्या मात्र नको.

दिरांना आणि बाकीच्यांना खुशाल जाऊ द्या, सगळ्यांचं बुकिंग मोडू नका. त्या आठवड्यात घर मोकळं असेल तेव्हा तुम्ही सासूबाईंना घेऊन नागपूरला किंवा यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे जा, ब्लड गॅस आणि स्पायरोमेट्री एकाच खेपेत होईल. पण सूज वाढतेय, आकडा ८५ च्या खाली जातोय, चक्कर येऊन पडल्या, किंवा गुंगी वाटली तर मेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी निघा. जाताना एकोची सगळी पानं, वजनाची वही, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा आणि तो ऑक्सिमीटर पिशवीत टाका. सेल नवे घातलेत तरी चालतील.